अकरा ते साडेपाच: नागपूरच्या एका फ्लॅट स्कीममधल्या उन्हाळी सुट्टीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातलं आहे. घर नागपूरला मानेवाड्याच्या बाजूला, चार माळ्यांची फ्लॅट स्कीम, ती सगळ्यात वरच्या माळ्यावर आणि मी पहिल्या माळ्यावर, त्यामुळे जे लिहितेय ते सगळं डोळ्यासमोर घडलेलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. मुलगा पाचवी संपलेला, मुलगी दुसरी संपलेली. आणि सुट्टी लागली की वर्धा जिल्ह्यातल्या गावाहून येणारी आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे फार दुखतात पण हात दिवसभर चालू असतात.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी आधी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे विदर्भात सुट्टी जास्त लांब असते. बाकी महाराष्ट्रात शाळा १५-१६ जूनच्या आसपास उघडतात, इकडे उन्हामुळे जूनचा शेवट उजाडतो, कधी जुलैची पहिली तारीखसुद्धा. म्हणजे जवळजवळ दोन महिने. आणि हे दोन महिने पुण्या-नाशिकसारखे नसतात हो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असणं इथं रोजचं आहे, ४५ पार गेला की हवामान खात्याच्या हिशोबानं उष्णतेची लाट, आणि दुपारी १२ ते ३ उन्हात निघू नका असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात सकाळी दहा-अकरालाच रस्ते ओस पडायला लागतात आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत पोरांना खाली सोडायची कोणाची हिंमत होत नाही. वरचा माळा असेल तर स्लॅब तापतो, कूलर असलेल्या खोलीतच अख्खं घर येऊन बसतं.

मग सुट्टीत मुलांना बिझी कसं ठेवायचं हा प्रश्न इथं वेगळा होतो. सकाळचा प्रश्न नसतोच. सकाळी स्विमिंग असतं, समर कॅम्प असतो, स्केटिंग असतं, सात ते नऊ-साडेनऊ सगळं शहर पोरांनी भरलेलं असतं. बहिणीनंही दोघांना एका कॅम्पला घातलं होतं, पंधरा दिवसांचा होता, चांगला होता, तक्रार काहीच नाही. पण कॅम्प साडेनऊला संपतो आणि दहाला पोरं घरी येतात, आणि खरी सुट्टी तिथून सुरू होते. अकरा ते साडेपाच. साडेसहा तास, बंद खिडक्या, कूलरचा आवाज, आणि हातात मोबाईल.

सुरुवातीची परिस्थिती अशी होती की आजीचा एक फोन आणि घरातला एक जुना फोन, दोन पोरं दोन फोन, जेवणसुद्धा फोन बघत. मुलगा गेम खेळायचा, मुलगी व्हिडिओ. बहीण ऑफिसमधून दर तासाला फोन करायची, "ठेवा तो मोबाईल", की दहा मिनिटं ठेवायचे, परत उचलायचे. संध्याकाळी ती घरी आली की फोन काढून घ्यायची आणि मग रडारड, भांडण, भावाबहिणीत मारामारी. तिला वाटायचं की पोरांना व्यसन लागलंय. नवऱ्याला वाटायचं की सुट्टी आहे, बघू दे. आजीचं म्हणणं तिसरंच होतं, ते तिच्याच शब्दांत सांगते: "पोरायले हाताले काम देत नाई तुमी, मंग ते मोबाईलच पाह्यतीन ना."

मला आजीचं बोलणं पटलं होतं पण मला आधी नीट बघायचं होतं. म्हणून मी घरून काम करते त्याचा फायदा घेऊन काही दुपारी लॅपटॉप घेऊन वर जाऊन बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नुसतं लिहीत गेले, पोरांनी काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं. हा कागद ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद निघाला. कॅरम काढू का? तो पोटमाळ्यावर आहे, बाबा आल्यावर. रंग काढू का? सोफ्याला लागतील. पाण्यानं खेळू का? पाणी जपून वापरा. भजे करू का? गॅसजवळ जायचं नाही. बाजूच्या घरी जाऊ का? त्यांचं जेवण चालू असेल. उशांचं घर करू का? कालच आवरलंय. प्रत्येक नाही म्हणण्यामागं योग्य कारण होतं, बहीण काही कठोर बाई नाही, ऑफिसमध्ये बसून मुलांना गॅस लावा असं कोण सांगणार. पण सगळे नकार एका कागदावर आले तेव्हा दिसलं की त्या घरात मोठ्या माणसाला न विचारता सुरू करता येईल अशी एकच गोष्ट होती, फोन. तो हातापाशी असतो, पसारा करत नाही, कपाटातून काढून द्यावा लागत नाही. आजीचे गुडघे बघता तिलाही तोच सोयीचा.

म्हणजे फोनची ओढ वगैरे आहेच, मी नाकारत नाही, पण ह्या घरात त्याला स्पर्धाच नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं आणि बहिणीशी मी ह्यावरच वाद घातला, की वेळापत्रक नको, नवीन क्लास नको, विकत काही नको, आधी हे नकार कमी कर.

वेळापत्रक तिनं तरी केलंच. रंगीत केलं, फ्रिजवर लावलं, ११ ते १२ चित्रकला, १२ ते १ वाचन, असं. चौथ्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, कारण ते पाळायला लावायला एक माणूस उभा पाहिजे आणि तो माणूस नव्हताच, म्हणून तर सगळा प्रश्न होता. हे मी मुद्दाम लिहितेय कारण सुट्टीबद्दल कोणालाही विचारलं की पहिला सल्ला टाईमटेबलचाच येतो, आणि आईबाप दिवसभर बाहेर असलेल्या घरात तो टिकताना मी तरी पाहिला नाही.

काय बदललं

पहिलं, कूलरवाल्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि मधली फरशी पोरांना देऊन टाकली. पोटमाळ्यावरचा कॅरम खाली आला आणि तो परत वर गेलाच नाही, भिंतीला टेकून उभा राहायचा. खालच्या एका कप्प्यात खडू, रंग, जुनी वर्तमानपत्रं, कात्री, गोंद, पुठ्ठ्याचे डबे, सुतळी. नियम दोनच. ह्या कप्प्यातल्या कशालाही विचारायचं नाही, आणि संध्याकाळी आई यायच्या आत फरशी मोकळी करायची. दुसरा नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी कप्पा बंद. तो सुरुवातीला मोडला गेला आणि कप्पा खरंच बंद राहिला, आजी त्या बाबतीत पक्की आहे.

दुसरं, आजीनं फरशीवर खडूनं अष्टाचंगपेचा पट काढला. पाच बाय पाच घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली, मधोमध एक फुली, आणि चिंचोके फोडून चार फाका. पोरांनी हा खेळ पाहिलेला नव्हता. चारही उताणे पडले की चार, म्हणजे चंगा, चारही पालथे पडले की आठ, म्हणजे अष्टा, आणि दोन्हीला परत डाव मिळतो. सोंगट्या बाहेरच्या घरांतून एका दिशेनं फिरतात आणि आतल्या घरांतून उलट दिशेनं, आणि आजीच्या नियमानं समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा, त्यामुळे भित्र्यासारखं फुलीच्या सुरक्षित घरात बसून चालत नाही. मुलीला हा खेळ कॅरमपेक्षा जास्त आवडला आणि कारण साधं आहे, कॅरममध्ये तिचा भाऊ दर वेळी जिंकायचा, इथं चिंचोके कोणाच्या बाजूनं नसतात. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर असलं की नुसत्या कौशल्याच्या खेळात लहानं रडणारच, निम्मं नशीब असलेला खेळ घरात असावाच असं मला आता ठाम वाटतं. आणि आजी खुर्चीत बसून खेळू शकायची, तिची सोंगटी पोरं हलवायची.

तिसरं, काम. खोटं नाही, खरं काम, जे केलं नाही तर घराला त्रास होतो असं. मुलाकडे कूलर आला. नागपूरला डेझर्ट कूलर म्हणजे घरातला एक सभासद असतो, दिवसातून दोनदा पाणी लागतं, कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्या सुकल्या की गरम वारा येतो. पाईप लावून टाकी भरणं, पाणी कुठपर्यंत आलं ते बघणं, पंप सगळ्या ताट्यांवर पाणी टाकतोय का बघून मोठ्यांना सांगणं हे सगळं त्याचं. इथं एक गोष्ट आवर्जून: कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात जीव जातात, लहान मुलांचेसुद्धा, त्यामुळे बटण बंद करून प्लग काढण्याचं काम फक्त मोठ्या माणसाचं, आणि प्लग बाहेर आलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाईपला हात लावायचा नाही, ओल्या पायानं कूलरजवळ जायचं नाही. ह्यात सूट नाही. मुलगा हे इतकं मनावर घेऊन करायला लागला की शेजारच्या काकांना त्यानं प्लग न काढता पाणी भरताना पाहिलं तर तिथंच थांबवलं.

मुलीकडे पिण्याचं पाणी. माठ भरणं आणि सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी. एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. हे प्रमाण तिनं स्वतः पुठ्ठ्यावर लिहून माठाच्या वर लावलं. दुसरीतली मुलगी, मोजायला चुकली की चव बिघडते हे तिला कोणी समजावायला लागलं नाही. नंतर ती पन्ह्यावर आली, कैऱ्या उकडायचं काम आजीचं, गर काढून गूळ-वेलची घालण्याचं तिचं.

चौथी गोष्ट आम्ही ठरवली नव्हती, ती आजीमुळे झाली. कुरोड्या, म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि मग गच्चीवर साच्यातून घालायच्या. हे काम पहाटे पाच-साडेपाचलाच करावं लागतं, उन्हं वर आली की गच्चीवर पाय ठेववत नाही. आजीला जिना चढवेना म्हणून साचा दाबायला मी आणि बहीण, चीक वर नेणं, प्लास्टिक अंथरणं, कोपऱ्यांवर विटा ठेवणं पोरांचं. गरम चीक वाटीत घेऊन तूप-साखर घालून खाण्यासाठी पोरं पाचला उठली, जी कॅम्प संपल्यावर नऊशिवाय उठत नव्हती. मग सकाळी जिन्याच्या टोपीच्या सावलीत बसून कावळे हाकलायचे, तिथं स्कीममधली अजून दोन-तीन पोरं आली, पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं, नऊला खाली.

आणि ह्याचा परिणाम दुपारवर झाला! पाचला उठलेलं पोर जेवून दीड वाजता गाढ झोपतं. अकरा ते साडेपाच ह्या साडेसहा तासांतले दीड-दोन तास आपोआप गेले. सुट्टीत मुलांना उशिरापर्यंत झोपू दे, बिचारी शाळेमुळे दमतात, असं आपल्याला वाटतं, मलाही मुलांची दया येते, पण ज्या गावात फक्त सकाळ आणि संध्याकाळच माणसाच्या राहण्यालायक असते तिथं पोरं सकाळच झोपून घालवतात आणि मग तापलेली दुपार जागी राहून काढतात. कुरोड्यांनंतर मुगवड्या झाल्या, सरगुंडे झाले, काडीवर पीठ गुंडाळायला मुलीची बोटं फार छान चालली. पहाटेची सवय तोपर्यंत लागून गेली होती.

सावली नसलेली दुपार

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते. महाराष्ट्रात हे दक्षिणेकडून वर सरकत येतं, कोल्हापूरला ६ मेच्या आसपास, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६, नाशिकला १९-२० आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत. दुसरा दिवस जुलैच्या मध्यात येतो पण तेव्हा ढग असतात. आणि वेळ बाराची नसते, नागपूरला साधारण १२ वाजून १० मिनिटं, पुण्याला १२:३१, कारण घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्य पूर्वेकडच्या गावात आधी माथ्यावर येतो.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला असं होऊच शकत नाही. मग त्याला दोन आठवडे आधीपासून बाल्कनीच्या कठड्यावर, जिथं दुपारचं ऊन येतं तिथं, मेणाच्या गोळ्यात पेन्सिल उभी करून १२:१० ला सावलीच्या टोकाशी कागदावर खूण करायला लावलं. रोज एक मिनिटाचं काम. खुणा पेन्सिलच्या जवळ जवळ सरकत गेल्या आणि त्या सगळ्या उत्तरेच्या बाजूला होत्या. २६ ला गच्चीवर स्कीममधली सगळी पोरं, डोक्याला दुपट्टे बांधून, पायात चपला, पाणी पिऊन, फक्त दहा मिनिटांची परवानगी. स्टीलचा पेला, पाईपचा तुकडा, बाटली, सगळं उभं करून ठेवलं. सावली खरंच नाहीशी झाली. पाईपच्या आतून ऊन सरळ तळाशी पडलेलं दिसलं. मुलानं खुणा नंतरही चालू ठेवल्या कारण त्याला सांगितलं होतं की आता सावली दक्षिणेकडे पडेल, जे नागपूरला वर्षातून थोडेच आठवडे होतं. ती पडली, आणि ते त्यानं शाळेतल्या मित्राला फोन करून सांगितलं. एका पेन्सिलवर आणि एका कागदावर एवढं सगळं.

बाहेर जाणं थोडं झालं. अजबबंगला, म्हणजे १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, आणि गांधीसागरसमोरचं रमण विज्ञान केंद्र. एकदा नुसतं मेट्रोनं सीताबर्डीला गाडी बदलून दोन्ही मार्ग टोकापर्यंत. एसीत बसून शहर वरून बघायला मिळतं, पोरं खूश. पण ह्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, बाहेरच्या गोष्टींनी त्या त्या दिवसाची सोय होते, उरलेल्या दुपारी तशाच राहतात.

फोनचं काय झालं

तो गेला नाही. दुपारी झोपून उठल्यावर चार ते पाच हा तास सगळ्यात कंटाळवाणा, तेव्हा फोन चालायचा आणि आम्ही तो ठेवला. संध्याकाळी आयपीएलची मॅच असली की अख्खं घर बघायचं. ह्याशिवाय फोन एका चांगल्या कामाला आला, बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यातल्या गोष्टी मुलगा आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आजीला डोळ्यांमुळे वाचता येत नाही, त्यामुळे हे वाचनसुद्धा खरं काम होतं, कोणाला तरी ते हवं होतं. आधी दिवसातले पाच-सहा तास फोनवर जायचे ते दीड-दोनवर आले, तेही भांडण न होता, आणि संध्याकाळची मारामारी जवळजवळ बंद झाली. बहिणीला सगळ्यात जास्त आराम त्याचाच वाटला, की घरी पाय ठेवल्याबरोबर पोलीस व्हावं लागत नाही.

"मावशी, बोर होऊन राहिलं ना" हे वाक्य मात्र शेवटपर्यंत येत राहिलं. त्यावर आम्ही काही सुचवायचं नाही असं ठरवलं होतं. सुचवलं की ते नको म्हणतात, दुसरं सुचवलं की तेही नको, आणि मग फोन मागतात. काही न बोलता आपलं काम करत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत कप्पा उघडल्याचा आवाज येतो. रोज नाही. पुष्कळदा.

ह्या प्रकरणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. घरात आजी होती. ती काही करत नव्हती असं वरवर वाटेल पण ती होती, कोणी पडलं, कोणाला लागलं तर बघायला होती, आणि तिच्यामुळेच आईबाप निर्धास्त नकार कमी करू शकले. आमच्याच स्कीममध्ये दुसऱ्या माळ्यावर एक कुटुंब आहे, तिथं दिवसा कोणीच नसतं, आठवीतली मुलगी एकटी दार लावून बसायची. तिच्या आईनं हे सगळं बघून विचारलं तेव्हा दिवसा मोठं माणूस असलेल्या तीन घरांनी मिळून वार वाटून घेतले, सोमवार-मंगळवार वरती आजीकडे, मग माझ्याकडे, मग तिसऱ्या घरी. ज्या घरी मोठं माणूस आहे त्याच घरी पोरं, प्रत्येकानं आपला डबा आणि पाण्याची बाटली आणायची म्हणजे एका बाईवर स्वयंपाकाचा भार पडत नाही. दोन पोरांना जो खेळ चार दिवसांत जुना होतो तो पाच पोरांना महिनाभर पुरतो हेही तिथं कळलं. पण माझ्याकडची पोरं असताना माझं ऑफिसचं काम मागं पडायचं, हे खरं आहे, ज्यांना दुपारी मीटिंगा असतात त्यांना हे जमणार नाही, त्यांनी दुसऱ्याच्या पोरांना संध्याकाळी खाली खेळायला नेण्याचं काम घ्यावं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी काही बदल ठरलेत. कुरोड्या एप्रिलमध्येच घालायच्या, कारण मे महिन्यात दोनदा अवकाळी वारा-पाऊस आला आणि एक अख्खा घाणा भिजून वाया गेला. कॅरमला दुसरा स्ट्रायकर घ्यायचा. आठवीतल्या मुलीला गॅसवर काम करायची परवानगी तिच्या आईनं दिलीय, तर माझ्या घरच्या दिवशी भजे आणि धिरडी तिच्याकडे, बाकीच्यांनी कांदा-सांबार, म्हणजे कांदा-कोथिंबीर, निवडून द्यायचा. आणि मुलाला आता सावलीच्या खुणा वर्षभर करायच्या आहेत, त्यासाठी गच्चीवरच्या टाकीजवळ एक पक्का खिळा ठोकू द्या असा अर्ज त्यानं स्कीमच्या सेक्रेटरी काकांकडे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही.